स्ट्रीमिंगमुळे पारंपरिक टीव्ही लवकरच बंद पडेल का?

सगळेच जण आता इंटरनेटवर मालिका आणि चित्रपट पाहू लागले आहेत, तेव्हा पारंपरिक टीव्ही काही वर्षांत बंद पडेल का आणि हा बदल मुळात कशामुळे झाला, असे आपण विचारले आहे. माझ्या मते वाहिन्यांच्या वेळापत्रकाची सद्दी संपली आहे, पण प्रक्षेपणाचे तंत्र इतक्यात संपणार नाही. या दोन गोष्टी वेगळ्या असून चर्चेत त्यांची नेहमी गल्लत होते.

वेळापत्रक मोडण्याची इच्छा इंटरनेटपेक्षा बरीच जुनी आहे. सोनीचा बीटामॅक्स रेकॉर्डर 1975 मध्ये बाजारात आला, तेव्हापासून प्रेक्षक कार्यक्रम ध्वनिचित्रफितीवर साठवून आपल्या सवडीने पाहू लागले. चित्रपट कंपन्यांनी त्याविरुद्ध दावा लावला, परंतु अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1984 मध्ये, नंतर पाहण्यासाठी घरी केलेले असे रेकॉर्डिंग बेकायदा नाही, असा निकाल दिला. पुढे 1999 मध्ये टिव्होसारखे हार्ड डिस्कवर रेकॉर्ड करणारे यंत्र आले. म्हणजे मागणी तयारच होती. कमी होती ती पुरेशा वेगवान इंटरनेटची. टपालाने डीव्हीडी भाड्याने देणाऱ्या नेटफ्लिक्सने 2007 मध्ये स्ट्रीमिंग सुरू केले आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात ब्रिटनच्या बीबीसीने आयप्लेअर ही आपली स्ट्रीमिंग सेवा आणली. एका जुन्या प्रक्षेपण संस्थेनेही तेव्हाच हा मार्ग धरला, हे स्ट्रीमिंगचा इतिहास सांगताना बरेच जण विसरतात.

मला स्वतःला यातला तांत्रिक भाग सर्वांत रंजक वाटतो, कारण टीव्ही का टिकेल याचे उत्तर तिथेच सापडते. प्रक्षेपण मनोऱ्यावरून किंवा उपग्रहावरून सोडलेला संकेत शंभर घरांनी पकडला काय किंवा एक कोटी घरांनी, प्रक्षेपकाचा खर्च तेवढाच राहतो. स्ट्रीमिंगमध्ये मात्र साधारणपणे प्रत्येक प्रेक्षकाला त्याची स्वतंत्र प्रत पाठवावी लागते, त्यामुळे प्रेक्षक वाढले की सर्व्हरवरचा भार आणि खर्चही वाढतो. हा भार हलका करण्यासाठी लोकप्रिय कार्यक्रमांच्या प्रती प्रेक्षकांच्या जवळच्या सर्व्हरवर आधीच नेऊन ठेवतात. नेटफ्लिक्स तर इंटरनेट पुरवणाऱ्या कंपन्यांच्या जाळ्यातच आपली यंत्रे बसवते. शिवाय प्रत्येक व्हिडिओचे काही सेकंदांचे तुकडे करून प्रत्येक तुकडा कमी-अधिक दर्जांत तयार ठेवलेला असतो आणि आपल्याकडचा प्लेअर त्या क्षणीच्या वेगानुसार पुढचा तुकडा कोणत्या दर्जाचा मागवायचा ते ठरवतो. चित्र मध्येच धूसर होते पण थांबत नाही, त्याचे कारण हेच.

आता ही युक्ती थेट सामन्याला लावून पाहा. जे अजून घडलेलेच नाही त्याची प्रत आधी नेऊन ठेवता येत नाही. प्रत्येक तुकडा घडता घडता तयार करायचा, पाठवायचा आणि प्लेअरमध्ये थोडा साठा जमू द्यायचा, या खटाटोपात अनेक सेकंद जातात. म्हणूनच शेजारच्या घरातून गोलचा जल्लोष ऐकू येतो तेव्हा आपल्या पडद्यावर चेंडू अजून मैदानाच्या मध्यावर असतो. नोव्हेंबर 2024 मध्ये माइक टायसन आणि जेक पॉल यांची मुष्टियुद्धाची लढत नेटफ्लिक्सने थेट दाखवली, तेव्हा कंपनीच्याच म्हणण्यानुसार ती 6 कोटी घरांत पाहिली गेली, परंतु असंख्य प्रेक्षकांनी चित्र अडकत असल्याची तक्रार केली. एवढ्या अनुभवी कंपनीची ही स्थिती असेल, तर एकाच क्षणी कोट्यवधी लोकांना एकच गोष्ट दाखवण्याचे काम किती अवघड आहे याची कल्पना येते. प्रक्षेपणासाठी ते रोजचे काम आहे.

पाहण्याच्या वेळेबाबत मात्र निकाल लागलेला आहे. नील्सन या मोजणी संस्थेच्या आकडेवारीनुसार अमेरिकेत टीव्हीच्या पडद्यावर घालवलेल्या एकूण वेळेत स्ट्रीमिंगने जुलै 2022 मध्ये केबलला प्रथमच मागे टाकले आणि मे 2025 मध्ये 44.8 टक्के वाटा मिळवून केबल व प्रक्षेपण या दोहोंच्या बेरजेलाही मागे टाकले. ही मोजणी टीव्हीच्या पडद्याची आहे, हे लक्षात घ्यावे. भिंतीवरचा संच कुठेही गेलेला नाही, त्यात येणारा मजकूर वेगळ्या वाटेने येऊ लागला आहे.

कथा सांगण्याची पद्धतही बदलली. फेब्रुवारी 2013 मध्ये ‘हाउस ऑफ कार्ड्स’ या नेटफ्लिक्सच्या मालिकेचे पहिले तेराही भाग एकाच दिवशी उपलब्ध झाले आणि लेखकांवरची काही जुनी बंधने सैल झाली: जाहिरातीपूर्वी उत्कंठा ताणण्याची गरज उरली नाही, मागील भागाची उजळणी टाळता येऊ लागली, एक भाग चाळीस मिनिटांचा तर पुढचा साठ मिनिटांचा असला तरी चालू लागले. सैलपणाचा तोटाही झालाच. दोन तासांत संपली असती अशी गोष्ट आठ भागांत ताणलेली मी अनेकदा सोसली आहे.

पैशाच्या बाबतीत मात्र स्ट्रीमिंग जुन्या टीव्हीच्याच वाटेने परत येत आहे. जो तो निर्माता स्वतःची सेवा काढू लागला तेव्हा प्रेक्षकाच्या खिशाला मर्यादा असल्याचे उघड झाले. 2022 च्या पहिल्या तिमाहीत नेटफ्लिक्सचे सुमारे 2 लाख सदस्य घटले, दहाहून अधिक वर्षांतली ती पहिलीच घट होती, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात जाहिरातींसह स्वस्त योजना आली. आठवड्याला एक भाग, अनेक सेवांची एकत्र वर्गणी हे सारे परतले आहे. इतकेच काय, ठरलेल्या वेळापत्रकाने चोवीस तास चालणाऱ्या मोफत वाहिन्याही आता इंटरनेटवर आहेत. त्या पाहणाऱ्यांना मी हसत नाही, कारण काय पाहावे हे ठरवण्यात अर्धा तास घालवून शेवटी काहीच न पाहता झोपी जाण्याचा अनुभव माझ्याही गाठीशी आहे.

तेव्हा आपण जुनी जोडणी तोडावी की नाही या विचारात असाल, तर आपल्या घरात थेट सामने आणि बातम्या किती पाहिल्या जातात, ते महिनाभर पाहावे. मालिका आणि चित्रपटच पाहिले जात असतील तर ती जोडणी निर्धास्त काढून टाकावी. थेट कार्यक्रम पुष्कळ पाहिले जात असतील तर अजून काही वर्षे ती ठेवलेली बरी.