जर्नीमन म्हणजे ‘प्रवासी’ नव्हे हो!

प्रश्न असा आलाय की बेसबॉलमधल्या ‘जर्नीमन’ला, म्हणजे टीममागून टीम बदलत खेळणाऱ्याला, मराठीत ‘प्रवासी खेळाडू’ म्हटलं तर चालेल का, आणि अशा खेळाडूंना पैसे बरे मिळतात का.

नाही चालणार. हे ‘प्रवासी’ न् ‘भटका’ वाचून वाचून डोकं उठलंय. पिचर (चेंडू टाकणारा) एडविन जॅक्सन २००३ ते २०१९ मध्ये तब्बल १४ टीमकडून खेळला (२०२५ मध्ये रिच हिलने बरोबरी केली), त्यामुळे सगळ्यांना वाटतं जर्नी करतो तो जर्नीमन!

मूळ आहे फ्रेंच ‘जुर्ने’, म्हणजे दिवस, दिवसभराचं काम. ‘जर्नल’ त्याच घरातलं, आणि खुद्द ‘जर्नी’ म्हणजेही आधी एका दिवसाचीच मजल. शिकाऊपण संपलंय, हातात कसब आहे, पण स्वतःचं दुकान नाही म्हणून दुसऱ्याकडे रोजावर राबतो तो जर्नीमन. आपला रोजंदार! यावर काही जाणकार जर्मनीतले गावोगाव हिंडणारे सुतार पुढे करतात. अहो प्रथा खरी आहे, पण त्यांचा शब्द ‘गेझेले’, म्हणजे सोबती, त्यात ना दिवस ना प्रवास, मग इंग्रजी शब्दाची वंशावळ त्यांच्या गाठोड्यात कशाला शोधताय?

आणि खरी गंमत पुढेच आहे. मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकी बेसबॉलच्या सर्वोच्च लीगमध्ये, आजही हिशोब दिवसांचाच! सर्व्हिसचं (म्हणजे नोकरीचं) एक वर्ष म्हणजे १७२ दिवस, पेन्शनसाठी निदान ४३ दिवस भरावे लागतात. २०२५ चा किमान पगार ७ लाख ६० हजार डॉलर, पण तो अख्खा हंगाम रोस्टरवर, म्हणजे टीमच्या यादीत, असलात तर. मधेच वर बोलावलेल्याला जितके दिवस तितकाच, म्हणजे रोजाचे साधारण ४ हजार, आणि खाली ट्रिपल-एमध्ये (मेजर लीगच्या लगेच खालच्या पायरीवर) धाडलं की खाडा, कारण तिथला किमान पगार याहून कितीतरी कमी. रोस्टर म्हणजे आपलं मस्टरच की, मग ‘रोजंदार’ का नको? कमीपणा वाटतो म्हणे. कसला कमीपणा, या १४ टीमवाल्या जॅक्सनने २०१० मध्ये १४९ चेंडू टाकून नो-हिटर (समोरच्या टीमला अख्ख्या सामन्यात एकही हिट न देणं) काढलीय.

हां, पैशाचं राहिलंच. त्याच जॅक्सनला शिकागो कब्सनी २०१३ पासूनच्या ४ वर्षांसाठी ५ कोटी २० लाख डॉलर कबूल केले होते आणि करार पुरा व्हायच्या आत, २०१५ मध्येच, सोडून दिलं. ठरलेले पैसे मात्र द्यावेच लागले.