मलिक अहमद आणि निजामशाहीची सुरुवात : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : अहमदनगरचा (आताच्या अहिल्यानगरचा) स्थापना दिन २८ मे रोजी साजरा होतो आणि वर्ष १४९० धरतात. काही पुस्तकांत मात्र शहर १४९४ मध्ये वसले असे आहे. खरे काय? – एक वाचक, भिंगार

दोन्ही सनांना आधार आहे, पण त्या दोन वेगळ्या घटना आहेत. २८ मे १४९० ही लढाईची तारीख. त्या दिवशी जुन्नरच्या मलिक अहमदने, म्हणजे निजामशाहीच्या संस्थापकाने, भिंगारजवळ बहामनी सरदार जहांगीरखानाची फौज मोडली. विजयाची आठवण म्हणून तिथे त्याने बाग आणि महाल उभारला. म्हणून ही लढाई 'बागेची लढाई' म्हणून ओळखली जाते. सीनेच्या काठी शहर वसवायला सुरुवात झाली ती हिजरी ९०० मध्ये.

हिजरी सनाचे रूपांतर करताना नेहमी एक घोळ होतो, तोही इथेच सांगतो. हिजरी ९०० हे वर्ष २ ऑक्टोबर १४९४ ला सुरू होऊन सप्टेंबर १४९५ मध्ये संपते. बखरकाराने नुसते वर्ष दिले असेल, तर इसवी सन १४९४ की १४९५ हे ठरत नाही. छापताना बहुतेक जण पहिला आकडा घेतात. मलिक अहमदच्या मृत्यूचेही तसेच. हिजरी ९१४ धरले, तर मे १५०८ ते एप्रिल १५०९ यांतला कोणताही दिवस असू शकतो आणि काही अभ्यासक १५१० पर्यंत जातात. घरच्या घरी अंदाज घ्यायचा तर हिजरी वर्षाला ०.९७ ने गुणून ६२२ मिळवा. ९१४ चे १५०८.५८ येतात, म्हणजे ते वर्ष साधारण कुठे पडते ते कळते. नुसते ६२२ मिळवू नका. हिजरी वर्ष चांद्र असल्याने सुमारे ११ दिवसांनी लहान असते, आणि नऊशे वर्षांत तो फरक २७ वर्षांवर जातो.

स्थापना दिन २८ मे रोजी साजरा करायला आमची हरकत नाही. मात्र फलकावर 'शहराची स्थापना १४९०' न लिहिता लढाईचा उल्लेख करावा.

प्रश्न : निजामशाहीचे मूळ पुरुष पाथरीचे कुलकर्णी होते, असे ऐकले आहे. याला पुरावा आहे का? – एक वाचक, परभणी

फिरिश्ता या इतिहासकाराने ही हकीकत दिली आहे. मलिक अहमदचा बाप मलिक हसन हा मूळचा तिमापा, भैरव नावाच्या ब्राह्मणाचा मुलगा. अहमदशहा बहामनीच्या विजयनगरवरील मोहिमेत तो लहानपणी पकडला गेला, धर्मांतर झाले आणि शाही घराण्यातल्या मुलांबरोबर वाढला. घराण्याचे मूळ वतन पाथरीचे. पुढे मलिक अहमदच्या मुलाने, बुऱ्हाण निजामशहाने, वऱ्हाडच्या इमादशाहीकडे पाथरी मागितली आणि १५१८ मध्ये ती बळाने घेतली. एका मुलुखासाठी एवढा हट्ट का, याचे उत्तर या नात्यात सापडते, म्हणून आम्हाला ही हकीकत ग्राह्य वाटते.

उलट बाजूही सांगायला हवी. निजामशाही दरबारातच लिहिलेल्या 'बुर्हाने मआसिर'मध्ये मलिक अहमद हा बहामनी सुलतानाचाच मुलगा असल्याचे म्हटले आहे. आश्रयदात्याला शाही रक्त चिकटवण्याची ही जुनी रीत आहे. फिरिश्तानेही तरुणपणी अहमदनगरच्या दरबारात नोकरी केली, पण त्याने आपला ग्रंथ विजापूरला लिहिला. तिथे निजामशाहीची वंशावळ उजळून दाखवण्याची त्याला गरज नव्हती.

प्रश्न : जुन्नरचा एक सुभेदार बिदरच्या सुलतानापुढे टिकला कसा? – एक वाचक, नारायणगाव

हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. निजामशाहीचा पाया भिंगारला नव्हे, जुन्नर भागातल्या किल्ल्यांवर पडला.

आधी बिदरची, म्हणजे बहामनी राजधानीची, स्थिती पाहा. ५ एप्रिल १४८१ रोजी बहामनींचा वजीर महमूद गावान याला मारले गेले. ओडिशाच्या राजाला लिहिल्याचे बनावट पत्र दाखवून सुलतानाचे मन फिरवणाऱ्या गटाचा म्होरक्या मलिक हसनच होता. पुढच्याच वर्षी सुलतान मेला, गादीवर बारा वर्षांचा महमूदशहा आला आणि कारभार मलिक हसनच्या हातात गेला. त्याने मुलाला जुन्नरला पाठवले.

शिवनेरीवरच्या मराठा किल्लेदारांनी मलिक अहमदला दार उघडले नाही. 'सुलतान वयात आला की त्याच्या हाती किल्ला देऊ' हे त्यांचे उत्तर. त्याने वेढा घालून किल्ला घेतला. आत कोकण आणि महाराष्ट्राचा पाच वर्षांचा वसूल पडून होता. तो त्याने शिपायांत वाटला. बाकीचे किल्ले त्या पैशावर आले : चावंड, जीवधन, लोहगड, तुंग, तिकोना, कोरीगड, कोंढाणा, पुरंदर, माहुली, पाली. नकाशावर हे ठिपके जोडा. घाटमाथ्यावरून कोकणात उतरणाऱ्या वाटा त्याच्या हाती आलेल्या दिसतील. घाट हाती, तर बंदराकडे जाणारा माल आणि त्यावरची जकातही हाती.

१४८६ मध्ये बिदरला मलिक हसनचा गळा आवळून खून झाला. त्या वेळी मलिक अहमद कोकण किनाऱ्यावरच्या दंडाराजपुरीच्या वेढ्यात होता. वेढा उठवून तो जुन्नरला परतला आणि बापाचा 'निजामुल्मुल्क' हा किताब त्याने स्वतःला लावला. मग बिदरहून फौजा सुटू लागल्या. त्याने एकाही फौजेला तिच्या सोयीच्या जागी तोंड दिले नाही. चाकणचा किल्लेदार झैनुद्दीन बिदरच्या बाजूने होता. इतर फौज त्याला मिळायच्या आत मलिक अहमद रातोरात चाकणला पोहोचला आणि फिरिश्ताच्या म्हणण्यानुसार तटावर स्वतः पहिला चढला. गडकऱ्यांना जाग येईपर्यंत सतरा माणसे आत शिरली होती. शेख मुअद्दी अरब या सरदारावरही रात्रीच छापा पडला.

पुढची फौज मोठी होती, तेव्हा तो तिच्या वाटेतून बाजूला झाला आणि तीन हजार स्वारांनिशी थेट बिदर गाठले. तिथून त्याने बापाच्या घरातल्या बायकामुलांना बाहेर काढले. आपल्यावर चालून आलेल्या सरदारांचे कुटुंबकबिलेही नेले आणि मग मानाने परत पाठवले. त्या सरदारांच्या मनातली लढण्याची ईर्ष्या यानंतर किती उरली असेल!

शेवटी जहांगीरखान आला. मलिक अहमद जेऊर घाटाच्या डोंगरात सरकून बसला. जहांगीरखान भिंगारला तळ देऊन राहिला. दिवस गेले तसा पहारा सैल पडला. पहाटे हल्ला झाला तेव्हा छावणी तयार नव्हती. जहांगीरखान मारला गेला. आजच्या दिनदर्शिकेत २८ मे ही तारीख ६ जून येते, म्हणजे पावसाच्या तोंडावरची. त्या दिवसांत लढाई होत नाही असा समज शत्रूने करून घेतला आणि तो महागात पडला.

प्रश्न : राजधानी जुन्नरहून हलवली ती पाण्यासाठी की आणखी कशासाठी? – एक वाचक, पुणे

दौलताबादसाठी. तिथे मलिक वजीह आणि मलिक अशरफ हे भाऊ होते. मलिक अहमदची बहीण बीबी झैनब वजीहला दिली होती. अशरफने वजीहला आणि त्याच्या मुलाला मारून किल्ला बळकावला. मलिक अहमदने दोन महिने वेढा घातला आणि काही हाती लागले नाही. देवगिरीचा तो ताशीव कडा चढून घ्यायचा नसतो, हे त्याला तिथे कळले. परतीच्या वाटेवर भिंगारपाशी त्याने नवे शहर वसवायचे ठरवले. ही जागा जुन्नर आणि दौलताबाद दोहोंपासून जवळजवळ सारख्या अंतरावर आहे. इथून दरवर्षी सुगीच्या वेळी स्वार पाठवून दौलताबादच्या आसपासची पिके लुटायची, म्हणजे गडावरची कोठारे भरत नाहीत.

याची झळ गडाखालच्या कुणब्यांना बसली, हे इतिहास लिहिणारे एका ओळीत उरकतात. आम्हाला ते खटकते. अशरफने गुजरातचा सुलतान महमूद बेगडा याची मदत मागितली, त्याच्या नावाने खुतबाही (नमाजाच्या वेळी राज्यकर्त्याचे नाव घेणारे प्रवचन) वाचला. त्यामुळे गडावरचे लोकच त्याच्यावर उलटले. तो आजारी पडून मेला आणि १४९९ मध्ये किल्ल्याच्या किल्ल्या मलिक अहमदकडे आल्या.

प्रश्न : हैदराबादचे निजाम याच घराण्यातले का? – एक वाचक, नांदेड

नाही. निजामशाही १६३६ मध्ये माहुलीला शहाजीराजांनी शरणागती पत्करल्यावर संपली. हैदराबादचे आसफजाही घराणे १७२४ पासूनचे. 'निजामुल्मुल्क' हा किताब दोन्हीकडे आहे, एवढाच सारखेपणा.

प्रश्न : मलिक अहमदच्या काळातले आज नगरमध्ये काय पाहावे? – एक वाचक, नाशिक

भुईकोट किल्ल्याची जागा त्याच्या बागेची आणि महालाची आहे. आज दिसणारा दगडी तट मात्र त्याचा नातू हुसेन निजामशहा याने १५५९ नंतर बांधून घेतला. मार्गदर्शक बहुधा सगळे श्रेय आजोबालाच देऊन टाकतात. मलिक अहमदची मानली जाणारी कबर बागरोजात, काळ्या दगडाच्या घुमटाखाली आहे. आधी तिथे जा, मग किल्ल्याकडे. किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे, तेव्हा प्रवेशाची वेळ आदल्या दिवशी विचारून घ्या आणि ओळखपत्र जवळ ठेवा. जुन्नरला एक दिवस जास्त काढता आला, तर शिवनेरी, चावंड आणि जीवधन पाहा. घाटाच्या वाटांचा हिशेब तिथूनच नीट कळतो.