वजन उतरतं, पण टिकत का नाही?

प्रश्न : माझं वय ४३, उंची ५ फूट १ इंच, वजन ७४ किलो. राहते कल्याणला, ऑफिस फोर्टला, म्हणजे रोजचे तीन तास लोकलमध्येच जातात. मागच्या वर्षी पोळी-भात पूर्ण बंद करून ३ महिन्यांत ९ किलो कमी केले, सगळे म्हणाले किती बारीक झालीस, आणि दिवाळीनंतर हळूहळू ११ किलो परत आले. थायरॉइड नॉर्मल आहे, एचबीएवनसी (म्हणजे तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी) ६.१ आलंय. सासूबाई म्हणतात आठवड्यातून दोन उपास धर. पुन्हा तेच डाएट करायची हिंमत नाहीये. काय करू?

उत्तर : ताई, आधी मनातून हे काढून टाका की तुम्ही कुठे कमी पडलात. वजन भराभर उतरलं की शरीराला आधीपेक्षा कमी अन्न पुरायला लागतं आणि भूक मात्र वाढते, अशात पोळी-भाताचं ताट परत समोर आलं की वजन परत येणारच. त्यामुळे यावेळी काहीच बंद करायचं नाही. घरातल्या दोन-तीन सवयी बदलायच्या, त्याही अशा की ज्या गणपतीत, लग्नसराईत, मुलांच्या परीक्षेतसुद्धा चालू राहतील.

तुम्ही पत्रात लिहिलं नाहीये पण माझ्याकडे येणाऱ्या बायकांकडून मी हे इतक्यांदा ऐकलंय की विचारतेच. रात्री साडेनऊला सगळ्यांची जेवणं झाली, तुम्ही ओटा आवरताय, पातेल्यात वाटीभर भात उरलाय, तळाला थोडं वरण, एवढ्याशासाठी डबा कुठे काढा, टाकवत तर नाहीच, मग उभ्या उभ्याच कालवून खाल्लं जातं ना? मुलाने ताटात सोडलेली अर्धी पोळी, तीपण. हे जेवण म्हणून कोणीच मोजत नाही, तुम्हीसुद्धा नाही. वाटीभर भात म्हणजे साधारण दीडशे कॅलरी, आणि हे रोजचं आहे. अन्न टाकू नये हे आपल्या हाडीमासी भिनलंय आणि ते बरोबरच आहे, पण उरलेलं सगळं आईच्याच पोटात जायला हवं असं कुठे लिहिलंय! जेवायला बसायच्या आधीच एक छोटा स्टीलचा डबा ओट्यावर काढून ठेवा, उरलं की लगेच त्यात भरून फ्रीजमध्ये टाका, सकाळी फोडणीचा भात होतो. रोजच उरत असेल तर तांदूळ अर्धी वाटी कमी घ्या.

दुसरं तेल. चौघांच्या घरात महिन्याला ५ लिटरचा कॅन संपत असेल तर माणशी रोज साधारण ४० मिली तेल पोटात जातं, म्हणजे ३४० कॅलरी. तेच ३ लिटरवर आणलं तर २०५. भाजी तीच, पोळी तीच, आणि माणशी रोज १३५ कॅलरी कमी! कॅन फोडला की त्यावर तारीख लिहा आणि फोडणीला कढईत थेट ओतू नका, चमच्याने मोजून घाला. एवढं जरी जमलं तरी अख्ख्या घराचं भलं होईल.

मग संध्याकाळची भूक. साडेबाराला डबा खाल्ला आणि जेवण थेट साडेनऊला, तर मधे फरसाण नाहीतर स्टेशनवरचा वडापाव होणारच, त्यात तुमचा काय दोष. पर्समध्ये मूठभर चणे-फुटाणे ठेवा, नाहीतर छोट्या डबीत मटकीची उसळ, आणि साडेपाचला ऑफिसातच खाऊन निघा. रात्री दोन पोळ्या खुशाल खा, पण उसळ किंवा घट्ट वरण आणि भाजी मिळून निम्मं ताट भरू दे.

सासूबाईंच्या उपासाबद्दल, श्रद्धेने करायचा तर जरूर करा, पण वजनासाठी नको. साबुदाणा म्हणजे निव्वळ पिठूळ पदार्थ, वर दाण्याचं कूट आणि तूप, एकादशी दुप्पट खाशी उगाच म्हणत नाहीत.

चालायचं म्हणाल तर वेगळा वेळ काढायला तुमच्याकडे वेळच नाही हे मला कळतंय. सीएसएमटीला उतरून शेअर टॅक्सी घेत असाल तर ती सोडा आणि जाता-येता भरभर चाला. आठवड्याला १५० मिनिटं पुरेत.

टार्गेट ६ महिन्यांत ४ किलो, बस. कमी वाटेल, पण वजनात ५ टक्क्यांचा फरक पडला तरी साखरेवर चांगला परिणाम होतो, आणि ६.१ हा आकडा अजून डायबेटिसचा नाही, त्याच्या अलीकडचा आहे. ३ महिन्यांनी टेस्ट परत करा आणि डॉक्टरांना दाखवा. वजनकाट्यावर रोज चढू नका, आठवड्यातून एकदा पुरे. महिन्याला कंबर मात्र टेपने मोजा, आपल्याकडच्या बायकांसाठी ८० सेंटीमीटरच्या आत हवी.

चहा दिवसातून किती वेळा आणि प्रत्येक कपात साखर किती चमचे, हे तेवढं तुम्ही लिहिलं नाहीत. चार कप आणि दोन-दोन चमचे असतील तर ४० ग्रॅम साखर तिथेच झाली. एकदम बंद करू नका, दर पंधरा दिवसांनी कपामागे अर्धा चमचा कमी करा, जीभ आपोआप सरावते. आणि पुढच्या पत्रात कमरेच्या मापासोबत तेलाचा कॅन किती दिवस पुरला तेही कळवा, मी वाट बघतेय.