संत्र्याच्या पानांचे मोजकेच फोटो असतील तर रोग ओळखणारं मॉडेल शिकवता येतं का?

खैऱ्या (पानांवर खरबरीत डाग), कोळशी (पानांवर काळी बुरशी) आणि जस्ताची कमतरता, प्रत्येकी वीस-पंचवीसच फोटो आहेत, तेवढ्यावर भागेल का, असं तुम्ही विचारलंय. भागतं. मी नागपूरचा, काटोलकडे मामाची बाग आहे, आणि हाच उद्योग मी करून बसलोय.

काहीच न शिकलेलं कोरं नेटवर्क (म्हणजे फोटो ओळखायला शिकणारा प्रोग्राम) शिकवायच्या भानगडीत पडू नका; इतके थोडे फोटो ते नुसते पाठ करतं. इमेजनेट या फोटोसंग्रहातल्या १२ लाखांवर फोटोंवर आधीच शिकलेलं रेसनेट-५० हे तयार नेटवर्क घ्या. त्याचा शेवटचा थर काढला की प्रत्येक फोटोचे २०४८ आकडे हाती येतात. एका रोगाच्या सगळ्या फोटोंच्या आकड्यांची सरासरी म्हणजे त्या रोगाचा नमुना. नवीन पान ज्या नमुन्याच्या जवळ, तो रोग. स्नेल, स्वर्स्की आणि झेमेल या संशोधकांच्या २०१७ च्या प्रोटोटिपिकल नेटवर्क या पद्धतीचा गाभा हाच. त्यांनी आकडे काढणारं नेटवर्कही याच कामासाठी शिकवलं, आपल्याला तेवढी गरज नाही. साध्या लॅपटॉपवर होतं.

खरी गोम फोटोंत आहे. माझं पहिलं मॉडेल चाचणीत जवळपास चुकतच नव्हतं. दोन दिवस मी हवेत. मग मामाने ताजी पानं आणून गोणपाटावर ओतली, मी तिथेच फोटो काढले, आणि चांगल्या हिरव्यागार पानांसकट सगळ्यांना कोळशी! कोळशीचे आधीचे फोटो मी त्याच गोणपाटावर काढले होते, बाकीचे ओट्यावर. पठ्ठ्या गोणपाट ओळखत होता. चाचणीतली पानंही शिकवलेल्याच झाडांची, म्हणून चूक दिसलीच नाही. तेव्हा शिकवायचे आणि चाचणीचे अशी वाटणी फोटोंची नको, झाडांची करा. आणि प्रत्येक रोगाचे फोटो वेगवेगळ्या जागी, वेगवेगळ्या उजेडात काढा.

फोटो उलटसुलट करून संख्या वाढवा, पण रंगाशी खेळू नका. इथे पिवळेपणा हेच लक्षण आहे. जस्त कमी असलं की शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा पडतो, मध्यशिरेच्या दोन्हीकडे साधारण सारखाच. ग्रीनिंग या जिवाणूजन्य रोगातही पान पिवळं पडतं, पण दोन बाजू जुळत नाहीत. तीनच नमुने असलेलं मॉडेल ग्रीनिंगचं पान बहुधा जस्तात ढकलेल. म्हणून नमुन्यापासूनच्या अंतराची मर्यादा ठरवा, त्यापलीकडे ‘माहीत नाही’ म्हणू द्या. तुमच्या ‘जस्त’च्या ढिगातही ग्रीनिंग लपलेलं असू शकतं, त्याची खात्री डोळ्यांनी होत नाही, पीसीआर ही जनुकीय चाचणी लागते. शंका असलेली पानं नागपुरात अमरावती रोडवरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेत आधी दाखवून या.