इमर्जन्सीतल्या नर्सने माझ्या आईची फार मायेने काळजी घेतली. तिचे आभार कसे मानावेत? पैसे दिले तर चालतील का?

पैसे देऊ नका. सरकारी दवाखाना असेल तर नियमाने तिला ते घेता येत नाहीत, आणि खाजगी असला तरी नोट पुढे केली की तिने केलेल्याची हॉटेलातल्या वेटरला देतात तशी टीप होते. पेढे न्या, पण आयाबाई आणि वॉर्डबॉयसकट सगळ्यांना पुरतील एवढे. बाकीचं पुढे सांगते. आधी माझं ऐका, कारण तुमचा हा प्रश्न आमच्या घरात अजून मिटलेला नाही.

मी नागपूरची, मानेवाड्याची. मे महिन्याचे दिवस, आदल्या रात्री पुतण्याच्या वाढदिवसाला सावजी मटण झालेलं. पहाटे पाठीत दुखायला लागलं, जबडा आवळल्यासारखा झाला, उलटी झाली आणि कूलरसमोर बसूनही गाऊन पिळून निघेल इतका घाम. छातीत म्हणाल तर फारसं काही नव्हतं. घरातले सगळे एका सुरात म्हणाले, सावजी बाधलं, ग्यास आहे. लेक हट्टाला पेटली म्हणून दवाखान्यात नेलं. तिथे कॅज्युअल्टीच्या दारातच माझ्या दीरांनी निकाल देऊन टाकला, "काही नाही जी, ॲसिडिटी आहे. एक इंजेक्शन द्या अन् सोडा."

आत रिंग रोडवरच्या अपघातातली माणसं आलेली, ड्युटीवरचे डॉक्टर त्यांच्यात गुंतलेले. सिस्टरने दीरांचं पूर्ण ऐकून घेतलं आणि मग माझ्याकडे वळून म्हणाली, "मावशी, तुम्ही सांगा. कुठं दुखून राहिलं?" मी जबड्याला हात लावला. तिने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. घाम थंडगार होता. "शुगर आहे?" आहे म्हटलं. पुढे एक शब्द न बोलता तिने ईसीजीचं मशीन ओढून आणलं.

तिथे पडदा नव्हता. ईसीजीला छाती उघडी करावी लागते, आणि आजूबाजूला नुसती पुरुषांची गर्दी. तिने दीरांसकट सगळ्यांना बाहेर काढलं, आयाबाईंना आणि लेकीला चादर आडवी धरायला लावली. प्रत्येक गोष्ट करायच्या आधी सांगत होती, "आता थंड लागेल जी," "आता पायाला चिमटा लावते." कागद बाहेर आला तसा घेऊन ती थेट डॉक्टरांपाशी गेली. "सर, आधी हे पाहा." पुढच्या काही मिनिटांत ॲस्पिरिन चावून खायला लावली, गुठळी विरघळवायचं इंजेक्शन सुरू झालं. हिरड्यांतून रक्त आलं तर लगेच सांगा, घाबरू नका, हेही तिनेच समजावलं.

आयसीयूत नेण्याआधी दागिने उतरवायचे होते. काचेच्या बांगड्या निघेनात. कोणीतरी म्हणालं, फोडा. ती म्हणाली, "नाही, सवाष्णीच्या आहेत." ईसीजीची जेली माझ्या हाताला चोळून तिने एकेक बांगडी सरकवून काढली. मग पाटल्या आणि मंगळसूत्र मोठ्याने मोजून गॉजमध्ये बांधलं, लेकीच्या हातात दिलं आणि रजिस्टरवर तिची सही घेतली.

छातीत दुखणाऱ्याचा ईसीजी दवाखान्यात पोचल्यापासून १० मिनिटांत निघायला हवा, हे मला नंतर हृदयरोगतज्ज्ञांनी सांगितलं. बायकांना आणि शुगरवाल्यांना छातीत कळ न येताही अटॅक येऊ शकतो, म्हणून आमच्यासारख्यांचा तो राहून जातो, हेही त्यांनीच सांगितलं.

डिस्चार्जनंतर घरात ठरलं, डॉक्टरांना शाल-श्रीफळ द्यायचं. मी म्हटलं, सिस्टरलाही. दीर म्हणाले, "तिला पगार मिळतो त्याचा. तिचं कामच आहे ते." का हो, डॉक्टरांना पगार मिळत नाही? त्यांना शाल जरूर द्या, त्यांच्या हाताने मी वाचले. पण त्यांच्या हातात तो कागद कोणी दिला? लोकांना वाटतं नर्सचं प्रेमाने बोलणं म्हणजे वरकड, असलं तर बरं, नसलं तरी चालतं. साफ चूक. तिने मला मायेने विचारलं नसतं तर मीही "ग्यास आहे" म्हणून मोकळी झाले असते. त्या दिवशी माझं निदान त्या विचारण्यातून सुरू झालं. १२ मेला परिचारिका दिनाचे फुलांचे फोटो पाठवणारे आमचे दीर याला "भावनिक बोलणं" म्हणतात. वाचत असतील तर वाचू देत.

तेव्हा तुम्ही पत्र लिहा. वैद्यकीय अधीक्षकांच्या नावाने, प्रत मेट्रनना, म्हणजे नर्सेसच्या प्रमुखांना. "उत्तम सेवा" वगैरे नको. तारीख, वेळ, कोणती पाळी, आणि तिने नेमकं काय केलं ते लिहा. तक्रारीचे कागद दवाखान्यात रोज येतात, असे क्वचित येतात, आणि पुढे कधी तिच्यावर कोणी खोटी तक्रार केली तर हाच कागद तिच्या बाजूने बोलतो. नाव माहीत नसेल तर मेट्रनकडच्या ड्युटी लिस्टवरून कळतं.

सगळ्या सिस्टर अशाच असतात असं मी म्हणत नाही. पुढच्याच वॉर्डात एकीने पाणी मागितलं म्हणून मला झापलं होतं. पण भारतीय परिचर्या परिषदेचा निकष शिकवणाऱ्या रुग्णालयाच्या साध्या वॉर्डात ३ रुग्णांमागे १ परिचारिका असा आहे. रात्रपाळीला एकीच्या वाट्याला किती खाटा येतात ते एकदा स्वतः मोजा, मग तिला नावं ठेवा.

आणि माझं वाचून कोणी घरी लक्षणं जुळवत बसू नका. जबडा, पाठ, थंड घाम असं काही असेल तर १०८ लावा, इनो पीत थांबू नका.

पत्राच्या दोन प्रती न्या. एकीवर आवक शिक्का मारून घ्या आणि ती शिक्क्याची प्रत सिस्टरच्या हातात द्या.