खोडलेले तीन उंदीर

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मी दोनदा वाचले. पीएचडीचे चौथे वर्ष सरत आले असताना उंदरांमधल्या कर्करोगाच्या गाठींचा हा विषय सोडून कार-टी पेशींवर, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या टी पेशी बदलून त्यांना कर्करोगावर सोडण्याच्या उपचारावर, काम करणाऱ्या गटात जावे का, पोस्टडॉकसाठी परदेशी अर्ज आत्ताच करावेत का, की सरळ एखाद्या कंपनीत नोकरी धरावी, असे तू चार पाने भरून विचारले आहेस. त्यांतल्या तिसऱ्या पानाच्या तळाशी, जाता जाता, एक वाक्य आहे: दहापैकी तीन उंदरांच्या गाठी जवळजवळ विरघळल्या, पण सरांनी ते आउटलायर, म्हणजे बाकीच्यांपासून फार दूर पडलेले अपवाद, समजून विश्लेषणातून काढायला सांगितले आहे. तुझ्या बाकीच्या प्रश्नांकडे मी नंतर येईन. आधी मला या वाक्याबद्दल बोलायचे आहे, आणि मी जरा कठोर बोलले तर मनाला लावून घेऊ नकोस.

उंदरांमधली बी-१६ ही मेलॅनोमाची, म्हणजे त्वचेच्या कर्करोगाची, गाठ टी पेशींवरचा पीडी-१ हा रेणू रोखणाऱ्या अँटिबॉडीला सहसा दाद देत नाही, हे तुला मी सांगायला नको. सात उंदरांनी जे केले ते तुला प्रयोगाआधीच ठाऊक होते. तीन उंदरांनी जे केले ते कुणालाच ठाऊक नव्हते. चार वर्षे तू पहाटे प्राणिगृहात जाऊन कॅलिपरने गाठी मोजल्यास, त्या ठाऊक असलेल्या गोष्टी पुन्हा लिहून काढण्यासाठी का? जे बसत नाही ते खोडू नकोस. मला तुला एवढेच सांगायचे आहे, आणि ते मी या पत्रात पुन्हा पुन्हा सांगणार आहे, कारण माझ्या वयाच्या चाळिशीपर्यंत ते मला कुणी पुरेशा जोराने सांगितले नव्हते.

१९९७ साली माझ्याकडे आठ-आठ उंदरांचे दोन गट होते. एका गटाला आम्ही प्रयोगशाळेतच तयार केलेली अँटिबॉडी देत होतो आणि दुसऱ्याला त्याच जातीची, पण कशालाच न चिकटणारी कंट्रोल अँटिबॉडी. औषधाच्या गटातल्या गाठी आक्रसू लागल्या आणि आमच्या आनंदाला पारावार उरला नाही. त्याच आठवड्यात एका सकाळी कंट्रोल गटातल्या तीन उंदरांच्या गाठींच्या मधोमध काळपट जांभळा डाग दिसला, पिकलेले जांभूळ त्वचेखाली फुटावे तसा. दोन दिवसांत त्या गाठी बसल्या. मी प्रयोगवही उघडली, त्या तीन ओळींवर पेन्सिलने आडवी रेघ मारली आणि समासात लिहिले, "सुई चुकली असावी." त्या तिन्ही उंदरांना मी स्वतः सुई टोचली होती आणि ती चुकली नव्हती, हे मला रेघ मारतानाही माहीत होते.

निबंध प्रसिद्ध झाला. दोन वर्षांनी आम्ही अँटिबॉडी शुद्ध करण्याचा स्तंभ बदलला, पाण्याची व्यवस्था बदलली, आणि नव्या बॅचने एकही गाठ हलेना. जुन्या बॅचच्या उरलेल्या कुप्या तपासल्या तेव्हा दोन्ही अँटिबॉडींत एंडोटॉक्सिन सापडले, म्हणजे जीवाणूंच्या कवचाचा तो अंश, ज्याच्या अत्यल्प मात्रेनेही प्रतिकारशक्ती खडबडून जागी होते आणि काही गाठींमध्ये रक्तस्राव होऊन त्यांचा गाभा मरतो. औषधाने काहीच केले नव्हते. जे काही घडले ते पाण्यातल्या घाणीने घडवले होते, आणि कंट्रोल गटातले तीन उंदीर मला तेच सांगत होते.

त्या वेळी मला विल्यम कोली आठवले. १८९१ साली न्यूयॉर्कमधल्या या शल्यविशारदाने कर्करोगाच्या रुग्णांना मुद्दाम जीवाणू टोचायला सुरुवात केली, कारण जुन्या नोंदी चाळताना त्यांना एक असा रुग्ण सापडला होता ज्याची मानेवरची गाठ विसर्प नावाचा त्वचेचा संसर्ग झाल्यावर नाहीशी झाली होती. इतरांनी ती नोंद योगायोग म्हणून फाइलीत ठेवून दिली होती. कोली त्या माणसाला शोधत वस्तीतून फिरले आणि तो त्यांना जिवंत सापडला. त्यांच्या उपचाराचे दोष पुष्कळ होते, पण ज्या एका रुग्णापासून प्रतिकारशक्तीने कर्करोगावर उपचार करण्याच्या शास्त्राची सुरुवात मानतात तो रुग्ण, आजच्या भाषेत, आउटलायरच होता. शंभर वर्षांनंतर तसेच काहीतरी माझ्या पिंजऱ्यात घडले आणि मी त्यावर पेन्सिल चालवली.

दुरुस्ती छापून यायला २००१ उजाडले. "कशाला उकरून काढता, तो निबंध आता कोण वाचतो?" असे मला माझ्याच विभागातल्या वरिष्ठांनी विचारले. तो वाचणारा एक मुलगा होता. दुसऱ्या शहरात, दुसऱ्या प्रयोगशाळेत, तो आमचा प्रयोग पुन्हा करून पाहण्यात दोन वर्षे घालवून बसला होता आणि दोष आपल्या हातांचा आहे असे समजून संशोधन सोडून गेला. मी त्याला पत्र लिहिले. उत्तर आले नाही, आणि ते यावे अशी अपेक्षा धरण्याचा मला अधिकारही नव्हता.

त्यानंतर मी हट्टी झाले, असे लोक म्हणतात. एंडोटॉक्सिनची चाचणी झाल्याशिवाय माझ्या प्रयोगशाळेत एकही कुपी वापरली जात नसे. तीन वेगवेगळ्या बॅचवर तेच दिसल्याशिवाय काही छापायला जात नसे, आणि वगळलेल्या प्रत्येक उंदराची नोंद निबंधातच कारणासह द्यावी लागे. आमचे निबंध कमी झाले. दोनदा अनुदान नाकारले गेले. माझ्या एका विद्यार्थिनीला पीएचडीला साडेसहा वर्षे लागली आणि तिच्या वडिलांनी मला फोन करून सुनावले. मी त्यांचे ऐकून घेतले, पण माझे चुकले असे मला तेव्हा वाटले नाही आणि आजही वाटत नाही. तिने जे लिहिले ते आजही टिकून आहे. माझ्यावर मंदपणाचा शिक्का मारणाऱ्यांनी वर्षाला किती निबंध छापले हे मला माहीत आहे. त्यांतले किती दुसऱ्याच्या हातून पुन्हा सिद्ध झाले ते त्यांनी कधी मोजले नाही. हे मी तुला सांगते आहे की स्वतःची बाजू मांडते आहे, असे तुला वाटेल. दोन्ही करते आहे. ही बाजू मांडायला मला आजवर कुणी जागा दिली नाही.

आता तुझे उंदीर. तुझ्या पत्रात एक गोष्ट नाही आणि तिच्यावाचून मला पुढे विचारच करता येत नाही: ते तीन उंदीर कोणत्या पिंजऱ्यातले? एकाच पिंजऱ्यातले की तीन वेगवेगळ्या? शिकागोच्या थॉमस गाजेव्हस्की यांच्या गटाला दिसले की एकाच वंशाच्या, पण दोन वेगळ्या पुरवठादारांकडून आलेल्या उंदरांमध्ये हीच बी-१६ गाठ वेगवेगळ्या गतीने वाढते. बहुतेकांनी एका पुरवठादाराचे उंदीर घेणे बंद केले असते आणि काम पुढे चालू ठेवले असते. त्यांनी दोन्हींकडचे उंदीर एकत्र ठेवले, आणि फरक नाहीसा झाला, कारण एका पिंजऱ्यातले उंदीर एकमेकांच्या लेंड्या खातात आणि त्यांच्या आतड्यांतले जीवाणू एकसारखे होतात. तिथून ते गाठीशी लढायला मदत करणाऱ्या बायफिडोबॅक्टेरियम या जीवाणूपर्यंत पोहोचले. तो निबंध २०१५ चा आहे आणि तू तो नक्की वाचला असशील. मग आपल्या पिंजऱ्यांकडे तू त्या नजरेने का पाहिले नाहीस? तुझ्यावर रागावण्याचा मला हक्क नाही, पण इथे मला राग येतो.

पीडी-१ चेच घे. १९९२ साली जपानमधल्या क्योतोमध्ये तासुकु होन्जो यांच्या प्रयोगशाळेत इशिदा पेशींच्या मृत्यूचे जनुक शोधत होते, म्हणून त्या रेणूचे नाव 'प्रोग्रॅम्ड डेथ-१' असे पडले, आणि तो रेणू त्या कल्पनेत काही केल्या बसेना. तो जनुक काढून टाकलेले उंदीर सुरुवातीला अगदी ठणठणीत दिसत. ते सांभाळत राहिल्यावर, बऱ्याच महिन्यांनी, त्यांना ल्युपससारखा, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा, आजार होऊ लागला, आणि हा रेणू प्रतिकारशक्तीचा ब्रेक आहे हे उलगडत गेले. ते उंदीर "काही फरक नाही" म्हणून लवकर मारून टाकले असते तर? जिम ॲलिसन यांच्या नोबेलबद्दल तुम्ही सगळे बोलता. मला मात्र १९९४ च्या नाताळातले ॲलिसन आठवतात. सीटीएलए-४ हा प्रतिकारशक्तीचा दुसरा ब्रेक रोखून उंदरांच्या गाठी घालवण्याच्या पहिल्या प्रयोगाचा निकाल विश्वास बसू नये इतका चांगला आला, म्हणून त्यांनी तो ताबडतोब पुन्हा करायला लावला, आणि कोणत्या पिंजऱ्याला काय दिले आहे हे स्वतःला कळू न देता सुट्टीत आपल्या हाताने गाठी मोजत राहिले. हवा असलेला निकालही संशयानेच तपासायचा असतो. तुझ्या सरांना हवे आहे ते त्या सात उंदरांत आहे. ते सातही तितक्याच कसोशीने तपास.

कार-टीबद्दल थोडक्यात लिहिते. क्षेत्र चांगले आहे, आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या कामातून आलेल्या उपचाराला २०२३ मध्ये मान्यता मिळाली याचा मला मनापासून अभिमान आहे, आणि तुला त्या प्रश्नांची ओढ असेल तर जरूर जा. पण आपला निकाल सरळ आला नाही म्हणून जात असशील, तर तिथेही उंदीरच आहेत आणि तेही तुझे ऐकणार नाहीत. परदेशाचेही तेच. चांगला प्रश्न इथेही सापडतो. पीडी-१ रोखणाऱ्या निव्होलुमॅब या औषधाच्या सुरुवातीच्या चाचण्यांत मात्रा पुष्कळ कमी-जास्त केली तरी टी पेशींवरचे पीडी-१ रेणू जवळपास सारख्याच प्रमाणात व्यापले जात होते. सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असलेली ती विसंगती टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी मनावर घेतली. डोके व मानेच्या कर्करोगाच्या १५१ रुग्णांवरच्या चाचणीत त्यांनी तोंडावाटे घ्यायच्या औषधांच्या जोडीला दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम निव्होलुमॅब दिले, जिथे नेहमीची मात्रा दर दोन आठवड्यांना २४० मिलिग्रॅम असते. वर्षभर जगलेल्यांचे प्रमाण नुसती तोंडावाटेची औषधे घेणाऱ्या गटात १६.३ टक्के होते, ते निव्होलुमॅबच्या गटात ४३.४ टक्क्यांवर गेले. ज्या रुग्णाला पूर्ण मात्रा आयुष्यात परवडणार नाही, त्याच्यासाठी हा प्रश्न परळमध्येच विचारला गेला.

आता काय करायचे ते नीट ऐक. त्या तीन उंदरांना या आठवड्यात कुणालाही मारू देऊ नकोस. सरांना माझे नाव सांग, हवे तर मी फोन करते. आजच तिघांच्या आणि सातांच्या लेंड्या वेगवेगळ्या गोळा करून उणे ८० अंशांवर ठेव, नळ्यांवर कानाच्या खुणेचा क्रमांक आणि तारीख घाल. वापरलेल्या अँटिबॉडीची उरलेली कुपी टाकू नकोस, तिची एंडोटॉक्सिन चाचणी करून घे. त्या तिघांपैकी ज्या दोन उंदरांची गाठ बोटाला लागतही नाही, त्यांना दुसऱ्या कुशीवर पुन्हा बी-१६ पेशी दे, सोबत कधीच गाठ न झालेले पाच उंदीर घे, आणि मोजणी अशा कुणाकडून करून घे ज्याला कोणता उंदीर कोणता हे माहीत नाही. पिंजऱ्यांवरची कार्डे प्राणिगृहातला कर्मचारी महिनाअखेरीस बदलतो, त्याआधी त्यांचे फोटो काढ.

गुरुवारी दुपारी मी घरीच आहे. येताना आलेख आणू नकोस, मूळ वही आण, आणि त्या तीन ओळींवर रेघ मारून झाली असेल तर तशीच आण. पेन्सिलीखालचे आकडे मला वाचता येतात.

तुझी,
मावशी