बास वाजवणाऱ्याचं नाव

प्रिय दोस्ता,

तुमच्या अल्बमची आठही गाणी काल रात्री दोनदा ऐकली. आधी हेडफोन लावून, मग ओट्यापाशी भांडी घासताना फोनच्या स्पीकरवर. पाचव्या गाण्यात ड्रम थांबतात आणि चार मात्रा नुसता बास, म्हणजे खालच्या सुरांची गिटार, वाजतो ना, तिथे हेडफोनवर अंगावर काटा आला. फोनवर मात्र त्याच जागी काहीच ऐकू येईना, गाणं बंद पडलं की काय असं वाटलं. छोट्या स्पीकरला खालचे सूर झेपत नाहीत. मिक्स करणाऱ्याला सांग, बासवर थोडं सॅच्युरेशन, म्हणजे मुद्दाम आणलेली किंचित खरखर, चढव; वरचे स्वरांश उमटले की कान खालचा सूर आपोआप भरून घेतो. तुमचे निम्मे श्रोते फोनवरच ऐकणार आहेत, तेव्हा ही जागा हातची घालवू नका.

आता खरं बोलायचं ते. तू पाठवलेल्या माहितीत गाणाऱ्याचं नाव आहे, गिटारचं आहे, स्टुडिओचंसुद्धा आहे. तो बास कोणी वाजवलाय?

नव्वदच्या दशकात आमच्या बँडने पदरच्या पैशांनी एक कॅसेट काढली होती. कॅसेटच्या डबीतलं इनले कार्ड छापायला द्यायची घाई होती, मजकूर मीच लिहिला, आणि बासवाल्याचं नाव राहिलं. तो काही बोलला नाही. एक कॅसेट घरी घेऊन गेला. पुढे कधीतरी त्याच्याकडे जेवायला गेलो, तर त्याच्या आईने ते कार्ड माझ्यासमोर उलगडलं आणि विचारलं, ‘यात ह्याचं नाव कुठे आहे रे?’ मला उत्तर देता आलं नाही. वर्षभरात त्याने बँड सोडला. कारण त्याने सांगितलं नाही, मलाही विचारायचं धाडस झालं नाही.

म्हणून बझकॉक्स या इंग्लिश पंक बँडचं उदाहरण मी प्रत्येक नव्या बँडला सांगतो. मँचेस्टरच्या या पोरांनी १९७६च्या डिसेंबरात एका दिवसात चार गाणी रेकॉर्ड केली, मित्रांकडून आणि घरच्यांकडून ५०० पौंड उसने घेतले आणि जानेवारी १९७७मध्ये स्वतःच्याच लेबलवर ‘स्पायरल स्क्रॅच’ या तबकडीच्या १००० प्रती काढल्या. कव्हरच्या मागे त्यांनी कुठलं गाणं कितव्या टेकचं, म्हणजे कितव्या प्रयत्नातलं, कशात गिटार नंतर भरली आहे, हेही छापलं. ‘ब्रेकडाउन’ तिसरा टेक, डबिंग नाही. जे घडलं ते उघड लिहिलं. तुम्हाला तर छापखान्याचा खर्चही नाही, अपलोड करताना क्रेडिटचे रकाने समोर येतात. ते रिकामे सोडू नका.

नावामागोमाग हिशोब येतो. गाणं कोणाचं किती टक्के, ते रिलीजच्या आधी एका कागदावर लिहा आणि चौघांनी सह्या करा. चाल कोणाची, शब्द कोणाचे, यावर आज तासभर वाद झाला तरी चालेल. पैसे आल्यावर झालेला वाद मिटत नाही. शब्द आणि चाल करणाऱ्यांनी आयपीआरएस या रॉयल्टी गोळा करून वाटणाऱ्या संस्थेचं सभासदत्व घ्यावं. कॉपीराइट कायद्यातल्या २०१२च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा राखून ठेवलाय, पण नोंदच नसेल तर तो पोचणार कुठे?

पैशाची फार आशा मात्र धरू नका. २०२४पासून स्पॉटिफायवर ज्या गाण्याला बारा महिन्यांत १००० स्ट्रीम मिळत नाहीत, त्याच्या रेकॉर्डिंगची रॉयल्टीच निघत नाही. आठ गाणी एका शुक्रवारी, म्हणजे नव्या गाण्यांच्या रिलीजच्या वारी, ओतलीत तर दोन ऐकली जातील आणि सहा तशीच पडून राहतील. दिल्लीच्या इंडियन ओशन या बँडने २०१०मध्ये ‘१६/३३० खजूर रोड’ची गाणी दर महिन्याला एक अशी फुकट डाउनलोडला दिली होती. त्यांचे गायक-तबलावादक असीम चक्रवर्ती आदल्या डिसेंबरात गेले होते, त्यांचा आवाज त्या गाण्यांत होता, आणि लोक पुढच्या गाण्याची वाट बघत एकेक गाणं जिवापाड ऐकत होते. तुम्हीही आधी तीन गाणी सुटी काढा, महिन्याच्या अंतराने, मग अख्खा अल्बम. प्रत्येक गाणं डिस्ट्रिब्युटरकडे, म्हणजे ते अ‍ॅपवर चढवणाऱ्या कंपनीकडे, तीन-चार आठवडे आधी पोचवा. प्लेलिस्टसाठी स्पॉटिफायकडे किमान सात दिवस आधी पाठवावं लागतं, आणि आर्टवर्कमध्ये काही खोट निघाली तर दुरुस्तीला वेळ हवा.

गाण्यांचा क्रम तुम्ही उत्तम लावलाय, त्याला हात लावू नका.

पाचव्या गाण्याचं नवं मिक्स आणि सह्या केलेल्या कागदाचा फोटो मला पाठव. बासवाल्याच्या नावाचं स्पेलिंग त्यालाच विचारून घे. मग शुक्रवार कुठला ते ठरवू.

तुझा,
दादा